जंगलकाठचे खाते

बँकेतल्या अधिकाऱ्याने वाघ-हत्तींविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचा संबंध आकड्यांशी. जंगलाशी आला तर तो सहलीपुरता. माझाही तसाच होता. बेंगळूरुला बदली होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सहकाऱ्यांसोबत बंडीपूरला जाऊन आलो, चितळांचे कळप पाहिले, वाघ दिसला नाही म्हणून हळहळलो आणि परतलो. जंगल सुरू होण्यापूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी शेते लागतात, त्यांच्याकडे पाहण्याचे तेव्हा सुचले नाही. ते सुचले पुढे दीड-दोन वर्षांनी, चामराजनगर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेच्या तपासणीसाठी गेलो असताना.

दुपारी जेवणाची वेळ टळून गेली होती. पासबुकाच्या खिडकीशी एक वयस्कर शेतकरी उभा होता. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने पासबुक यंत्रात घातले, काहीच छापले गेले नाही, तेव्हा ते परत देत तो म्हणाला, "परिहार बंदिल्ला, यजमानरे." परिहार आलेला नाही. तो शेतकरी याच कारणासाठी तिसऱ्यांदा आला होता, असे मागाहून कळले. हत्तींच्या कळपाने एका रात्रीत त्याची कापणीला आलेली नाचणी तुडवली होती. वनखात्याचे कार्यालय सांगत होते की रक्कम पाठवली आहे. पासबुक सांगत होते की आलेली नाही. तपासणीला आलेल्या माणसाने अशा कामात पडू नये असा संकेत आहे, परंतु मी पडलो. केवायसीची कागदपत्रे अद्ययावत नसल्यामुळे त्या खात्यावर रोख लागलेली होती आणि जमा होण्यासाठी आलेली रक्कम आल्या पावली परत गेली होती. हत्तींनी केले ते नुकसान होते. त्यानंतरचे चार महिने मात्र आपल्यासारख्यांनी केलेले होते.

'परिहार' हा शब्द तेव्हापासून मनात राहिला. आपल्याकडे श्रमपरिहार होतो, शंकांचा परिहार होतो. कन्नडमध्ये नुकसानभरपाईलाच परिहार म्हणतात आणि कर्नाटक वनखात्याच्या या कामाच्या संगणकप्रणालीचे नावही 'ई-परिहार' असे आहे. मराठी शासननिर्णयात मात्र याच रकमेला 'सानुग्रह अनुदान' म्हटले जाते, म्हणजे अनुग्रह म्हणून, कृपा म्हणून दिलेले. एका भाषेत दुःखाचे निवारण, दुसरीत मेहेरबानी. माझ्या लेखी हे देणे आहे, आणि देणे कशाबद्दलचे हे पुढे सांगतो.

त्या शेतकऱ्याच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात सगळे कागद व्यवस्थित होते : पहणीचा उतारा (आपला सातबारा म्हणा), आधारची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, तुडवलेल्या शेताची छायाचित्रे, वनखात्याला दिलेल्या अर्जाची पोच. एवढी नीटस फाइल आमच्याकडे मोठे कर्जदारही आणत नाहीत. ती कोणी केली, असे विचारले तेव्हा त्याने मोटरसायकलवर येणाऱ्या एका मुलाचे वर्णन केले. हा मुलगा सरकारी नव्हता. बेंगळूरुतील 'सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीज' या संस्थेच्या 'वाइल्ड सेवे' या उपक्रमाचा तो कार्यकर्ता होता. आपल्या 'सेवा'चे कन्नड रूप 'सेवे'.

ही संस्था १९८४ साली डॉ. उल्लास कारंत यांनी स्थापन केली. ज्ञानपीठविजेते कन्नड लेखक शिवराम कारंत यांचे हे चिरंजीव. शिक्षणाने यांत्रिकी अभियंता, पुढे वन्यजीव संशोधक. वाघांच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे घेऊन, कोणता वाघ किती वेळा टिपला गेला यावरून संख्याशास्त्राने एकूण अंदाज बांधायचा, ही पद्धत त्यांनी नागरहोळेच्या जंगलात १९९० च्या दशकात रुजवली. त्याआधी देशभर पंजांच्या ठशांवरून वाघ मोजले जात. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे २००५ च्या सुमारास उघडकीस आले, तेव्हा कुठे ती जुनी पद्धत मोडीत निघाली. आम्हा बँकवाल्यांना यातले मर्म चटकन उमगावे. खातेवहीतील शिल्लक आणि तिजोरीतील रोकड यांचा मेळ प्रत्यक्ष मोजल्याशिवाय लागत नसतो.

मोजणी सुधारली, संरक्षणही बरेच सुधारले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते, तसेच बंडीपूरही होते. २०२२ च्या गणनेनुसार बंडीपूरमध्ये १५० आणि लगतच्या नागरहोळेत १४१ वाघ आहेत. कर्नाटकात एकूण ५६३, महाराष्ट्रात ४४४. कर्नाटकात हत्ती सहा हजारांहून अधिक आहेत. या यशाच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. पण वाढलेला वाघ आणि टिकलेला हत्ती जंगलाची सीमारेषा पाहून चालत नाही. रेषेपलीकडे नाचणी, मका, कापूस, केळी, हळद आहे. गोठ्यात दोन गायी आहेत. रात्रभर झाडावरच्या माचाणावर बसून राखण करणारा माणूस दुसऱ्या दिवशी मजुरीला जाऊ शकत नाही. ही झोप आणि ही बुडालेली मजुरी कोणत्याच पंचनाम्यात लिहिली जात नाही.

उल्लास कारंत यांच्या कन्या डॉ. कृती कारंत यांनी नेमके हेच क्षेत्र अभ्यासाला घेतले. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की तेव्हाच्या २९ राज्यांपैकी २८ राज्ये मनुष्यहानीसाठी पैसे देत होती, पिकांच्या नुकसानीसाठी मात्र २२ च. नियम आणि कार्यपद्धती तर राज्याराज्यांत निराळ्या. बंडीपूर-नागरहोळेभोवतीच्या गावांत हिंडताना त्यांच्या लक्षात आले की नियम असूनही अनेक कुटुंबे दावाच दाखल करीत नाहीत. अर्ज कोठे मिळतो ते ठाऊक नसते, दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला तीन-चार खेपा घालणे परवडत नाही, आणि मिळणारी रक्कम त्या खेपांच्या खर्चातच जाते. म्हणून २०१५ साली 'वाइल्ड सेवे' सुरू झाला. सुरुवातीच्या वर्षांत सुमारे सहाशे गावांत त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक पोहोचवण्यात आला. घटना घडली की शेतकऱ्याने त्या क्रमांकावर फोन करायचा. कार्यकर्ता मोटरसायकलवरून येतो, मोजमाप व छायाचित्रे घेतो, अर्ज भरतो, कागद जोडतो, वनखात्यात दाखल करतो आणि पाठपुरावा करतो. शेतकऱ्याला यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. २०१९ पर्यंत असे दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले होते. त्याच वर्षी डॉ. कृती कारंत यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला.

जरा विचार करा : वन्यजीव वाचवणारी नामांकित संस्था, आणि तिच्या एका प्रमुख उपक्रमाचे स्वरूप काय, तर फॉर्म भरणे आणि झेरॉक्स काढणे. या कामाचे छायाचित्र कोणी दिनदर्शिकेवर छापणार नाही. जखमी हत्तीच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजणारा माणूस आपल्या डोळ्यांत पाणी आणतो आणि हात धनादेश-पुस्तिकेकडे जातो. पोचपावतीवर शिक्का मारून घेण्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या ओसरीत दोन तास बसलेला तरुण कोणाला दिसत नाही. माझे मत असे झाले आहे की वाघ वाचवण्याचे काम करणाऱ्यांत या तरुणाचा क्रमांक पुष्कळ वरचा लावला पाहिजे.

कारण भरपाई न मिळालेली गाय काय करू शकते, हे २०२५ च्या जून महिन्यात याच चामराजनगर जिल्ह्यात दिसले. मले महादेश्वर हे शिवभक्तांचे मोठे यात्रास्थान; त्याभोवतीचे जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. २६ जूनला तेथे एक वाघीण आणि तिचे चार बछडे मृतावस्थेत सापडले. वाघिणीने मारलेल्या गायीच्या कलेवरावर विष टाकण्यात आले होते आणि ते खाऊन एक अख्खे कुटुंब संपले. गायीच्या मालकासह काहीजणांना अटक झाली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. त्या वनक्षेत्रातील कंत्राटी रखवालदारांचे पगार काही महिने थकले होते, हेही त्यावेळी बाहेर आले. म्हणजे एकीकडे गाय गेलेला माणूस, दुसरीकडे पगार न मिळालेला राखणदार, आणि मध्ये वाघीण. विष घालणे हा गुन्हाच आहे आणि त्याचे समर्थन मी करीत नाही. तथापि गाय मारली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एखादा मोटरसायकलवाला दारात उभा राहिला असता, "पशुवैद्यकाचा दाखला घेऊ, अर्ज टाकू, मागे लागू," असे कोणी म्हणाले असते, तर त्या घरातली त्या रात्रीची बोलणी कदाचित वेगळी झाली असती. पाच वाघांचा जीव आणि एका गायीचा दावा यांत अंतर किती थोडे होते!

आपल्या बँकेच्या ग्रामीण शाखांत काम केलेल्यांना दुभत्या जनावरांच्या कर्जाचा विमा ठाऊक असेल. जनावराच्या कानात बिल्ला असतो, आणि बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम. जनावर मेल्यावर बिल्ला सापडला नाही म्हणून फेटाळलेले दावे मी पाहिले आहेत. दावेदार खोटा नव्हता. त्याच्यापाशी कागद नव्हता एवढेच. गरिबाचे नुकसान बहुधा असेच असते, खरे पण अनोंदित. त्याची नोंद करून देणारा माणूस हा त्या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक भाग असतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. भरपाईची सवय लागली की लोक राखण करणे सोडतील, असे काहीजण म्हणतात. विम्यातही असे होते. विमा उतरवलेल्या गोदामाचे कुलूप कधीकधी सैल असते. खोटे दावे होतील, हा दुसरा आक्षेप. मात्र सरकारी दर प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा बहुधा कमीच असतात. सवय लागावी इतके त्यात काही नसते. आणि जागेवर जाऊन, छायाचित्रासह, तारखेसह केलेली नोंद ही खोट्या दाव्याला आळा घालणारीच गोष्ट आहे. तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : नुकसान झाल्यावर पैसे देण्यापेक्षा नुकसान होऊच न देणे बरे. म्हैसूरच्या 'नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन' या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने तमिळनाडूतील वालपाराईच्या चहामळ्यांत हे करून दाखवले आहे. हत्ती कोठे आहेत याचे लघुसंदेश तेथील रहिवाशांच्या मोबाइलवर जातात, मोक्याच्या जागी लाल दिवे लागतात, आणि अंधारात हत्तीसमोर अवचित येऊन माणसे मरण्याचे प्रमाण त्यामुळे घटले. हे उत्तमच आहे. परंतु दिवे लागले म्हणून नाचणी तुडवली जायची थांबत नाही. दोन्ही कामे हवीत.

आता देण्याविषयी. बेंगळूरुतील माझ्या सदनिकेत नळाला येणारे पाणी कावेरीचे आहे. १९७४ पासून ते शंभर किलोमीटरवरून उपसून, कित्येकशे मीटर उंच चढवून या शहराला पुरवले जाते. नागरहोळे आणि बंडीपूर यांच्या मधून वाहणारी कबिनी नदी तिरुमकूडलू नरसीपूर येथे कावेरीला मिळते. त्या जंगलाने धरून ठेवलेला पाऊस या शहराच्या पाण्यात असतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जंगलाची जमा आमच्या खात्यावर आहे आणि नावे मात्र त्या शेतकऱ्याच्या खात्यावर पडत आहेत. असा ताळेबंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही. म्हणूनच त्याला मिळणाऱ्या रकमेला अनुग्रह म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सगळे कर्नाटकापुरते आहे असे महाराष्ट्रातील वाचकांनी समजू नये. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातील उसात बिबट्या राहतो, वाढतो, तेथेच पिल्ले देतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. विद्या अत्रेय यांनी या भागात पूर्वीच दाखवून दिले होते की एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. आणि अकोले परिसरातील शेतांत, माणसांच्या दाट वस्तीत, बिबटे माणसांचा जीव न घेता राहत होते हेही त्यांच्या अभ्यासात आढळले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मनुष्यहानीची रक्कम २५ लाख रुपये केली. तिचा काही भाग तातडीने आणि उरलेला वारसाच्या नावे मुदत ठेवीत, अशी व्यवस्था आहे. म्हणजे ती ठेव उघडायला येणारी बाई कोणत्या तरी शाखेत आपल्यापैकीच कोणापुढे येऊन बसणार. तिला "उद्या या" असे सांगण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढी विनंती आहे.

कागदाचे महत्त्व यापुढे वाढणारच आहे. वन्यप्राण्यांमुळे झालेले पिकाचे नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत, छायाचित्रांसह, मोबाइलवरून नोंद करावी अशी अट आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण ज्याला पासबुकातील नोंद वाचून घ्यावी लागते, तो तीन दिवसांत हे करील कसे? पीककर्जासोबत विम्याचा हप्ता आपणच कापून घेतो. मग नुकसानीची नोंद करून देण्यास हातभार लावणे हे आपले काम नाही असे म्हणता येणार नाही. जंगलकाठच्या शाखांत महिन्यातून एक दिवस केवळ अशा खात्यांची केवायसी पूर्ण करण्यासाठी आणि नावांतील तफावत दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावा, असे मी तपासणी अहवालात लिहिले. आधारवर 'सिद्धेगौड' आणि पासबुकावर 'सिद्दे गौडा' असेल, तर त्यात हत्तीचा दोष नाही.

आणि ग्राहकांसाठी, विशेषतः वर्षअखेरीस देणगीची पावती शोधणाऱ्यांसाठी, थोडेसे. २०२० साली परदेशी देणग्यांविषयीचा कायदा अधिक कडक झाला. तेव्हापासून अशा संस्थांना देशातील दात्यांची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. देणगी देताना संस्थेला तिच्या वार्षिक अहवालाबद्दल विचारावे, लेखापरीक्षित हिशेब मागावेत. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात. आणि शक्य असेल तर सांगावे की माझे पैसे वाघ दत्तक घेण्यासाठी नकोत, पेट्रोलसाठी वापरा. मोटरसायकलच्या पेट्रोलसाठी. अशा खर्चाला दाता मिळणे सर्वांत कठीण असते, हे कोणत्याही विश्वस्ताला विचारून पाहावे.

त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, असे तपासणी अहवाल वाचून आमच्या एका वरिष्ठांनी विचारले. केवायसी त्याच दुपारी पूर्ण करून घेतली होती. अंगठा आणि सही दोन्ही घेतल्या, कारण तो सही करू शकतो हे शाखेत कोणी नोंदवलेच नव्हते. रक्कम पुन्हा पाठवण्यासाठी वनखात्याला पत्र गेले. सात आठवड्यांनी शाखा व्यवस्थापकाचा फोन आला की पैसे जमा झाले. मी समाधान व्यक्त केले, तेव्हा तो म्हणाला, "सर, गेल्या सोमवारी हत्ती पुन्हा येऊन गेले. या खेपेला केळी. तो मुलगा परवाच फोटो काढून गेला, आता पासबुकाची नवी प्रत मागायला आले आहेत." मी त्याला सांगितले की प्रत दे आणि तिचे शुल्क लावू नकोस.